साखरपुड्यातला फोटो

माधवी नागपूरहून येणार म्हणून मीराने सकाळीच पाच किलो मटार आणून ठेवले होते. हातांना काम असलं की माणसं जरा सावकाश बोलतात, असा तिचा अनुभव होता. पण बारा वाजता ऑटोतून उतरलेल्या नणंदेने चपला काढता काढताच विचारलं, "तो फोटो टीव्हीवरून काढला का त्यांनी?" तेव्हा मीराला कळलं, की आज मटारांचा फारसा उपयोग होणार नाही.

फोटो काढला नव्हता. मंगळवारपासून आज रविवारपर्यंत तो सगळ्या चॅनलांवर होता. नोव्हेंबरात जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या हॉलमध्ये झालेल्या साखरपुड्यातला. मधोमध मीराचा मुलगा अनुपम आणि होणारी सून अवंती, अवंतीच्या बाजूला तिचा मोठा भाऊ गौरांग, गालात पेढा, हसून हसून डोळे बारीक झालेले. आणि गौरांगच्या खांद्यावर विष्णूचा, म्हणजे मीराच्या नवऱ्याचा, हात.

मंगळवारी सकाळी ह्याच गौरांगने रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पॅकिंगच्या कारखान्यात जाऊन तीन माणसं मारली होती. जानेवारीत त्याला तिथूनच कामावरून काढलं होतं. फाटकावरचा चौकीदार नथ्थू, ऑफिसातली समृद्धी नावाची मुलगी आणि एक सुपरवायझर. मग त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. काहून केलं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. चॅनलांना मात्र तासाभरात सगळं ठाऊक झालं होतं. पहिल्या दिवशी फोटोत फक्त गौरांगचं डोकं होतं, त्याभोवती लाल गोल. बुधवारी संध्याकाळी अख्खा फोटो आला आणि त्याखाली पट्टी आली : 'सगाई में हुआ था अपमान?' सूट घातलेला एक माणूस विष्णूच्या हाताकडे बाण दाखवून सांगत होता, की मुलाकडच्यांचा किती दबाव होता ते ह्या पकडीवरून दिसतं. मीराने तो हात चाळीस वर्षं पाहिला होता. त्याला दबाव म्हणतात, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

गुरुवारी पोलिसांनी गौरांगचं प्रेत दिलं. नर्मदेच्या ग्वारीघाटावर पाच माणसं होती, त्यातला एक अनुपम. तेही टीव्हीवर आलं.

लग्न तीन आठवड्यांवर होतं. पत्रिका अर्ध्या वाटून झाल्या होत्या.

विष्णूचा धाकटा भाऊ श्रीकांत एक वाजता आला. गोरखपूरच्या बाजारात त्याचं पंख्या-मिक्सरांचं दुकान होतं आणि सहा दिवस तो काउंटरवर उभा राहून गिऱ्हाइकांना एकच उत्तर देत होता. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने बसल्या बसल्या सगळं मांडलं. एका चॅनलच्या पत्रकाराशी त्याचं बोलणं झालं होतं. आज पाच वाजता तो कॅमेरा घेऊन येईल. दादाने फाटकात उभं राहून दोन वाक्यं बोलायची : अपमान वगैरे काही झाला नव्हता, आणि आम्ही हे लग्न मोडलं आहे. बस. उद्यापासून आपलं नाव बातमीतून बाद.

"मी काही त्या पोरीच्या विरोधात नाही बोलून राहिलो, वहिनी," तो मीराला म्हणाला. "पण आपण गप्प बसलो तर ते रोज काहीतरी नवीन काढतील."

माधवीने मान डोलावली. ती ह्याच मताची होऊन नागपूरहून आली होती. तिने गाडीत अर्धी रात्र विचार केला होता, असं तिने सांगितलं. ज्या घरात असं झालं तिथली मुलगी आणायची, उद्या मुलंबाळं झाली की त्यांना शाळेत काय ऐकावं लागेल. मुलगी चांगली आहे ह्याबद्दल तिला शंका नव्हती. पण चांगली असून भागत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

 मीराने मटारांची पिशवी मधे ओतली आणि तिघं सोलायला बसली. विष्णू खिडकीजवळच्या खुर्चीवर होता. मंगळवारपासून तो जवळजवळ मुकाच होता. मीराला वाटलं होतं, मित्राचा मुलगा गेला म्हणून. गौरांगचा बाप आलोक आणि विष्णू तोफांच्या कारखान्यात बावीस वर्षं एकाच टेबलावर बसलेले. दोन वर्षांपूर्वी आलोक गेला तेव्हाही विष्णू असाच आठवडाभर गप्प होता.

संपदा, विष्णू-मीराची धाकटी, आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली होती. ती भोपाळला एका हिंदी चॅनलच्या डेस्कवर काम करायची. शुक्रवारी रात्री ती अचानक घरी आली होती आणि दोन दिवसांची सुट्टी आहे म्हणाली होती. सुट्टी नव्हती. तिने फोन बंद करून बस पकडली होती.

बाहेरचं बोलणं तिला नीट ऐकू येत होतं. आता काकाने बंदुकीचा विषय काढला होता. तो म्हणत होता, की टीव्हीवाले बंदुकीला दोष देऊन राहिलेत, पण ह्या शहरात अर्ध्या घरांच्या चुली बंदुकांवर पेटल्या. आपले आजोबा आर्वीहून इथे कशासाठी आले? मग बाबा, मग दादा. तीन पिढ्या. बंदूक पडून राहते, माणूस उचलतो.

"काका, ती पडून नसती तर त्याने काय उचललं असतं?" हा अनुपमचा आवाज होता. तो रेल्वेत होता आणि सकाळची ड्यूटी आटोपून नुकताच घरात शिरला होता. "हातात काठी घेऊन गेला असता तर नथ्थूने त्याला फाटकावरच बसवून चहा पाजला असता."

श्रीकांतने उत्तर दिलं, अनुपमने पुन्हा दिलं. माधवीने अमेरिकेचं नाव काढलं, की तिथे तर रोजचंच आहे आणि आपण त्यांचं पाहून शिकून राहिलो. संपदाला वाटलं, ही चर्चा ती रोज रात्री आठ वाजता बनवते. चार चौकटी, एक निवृत्त अधिकारी, एक ओरडणारा, मधे अँकर. फक्त इथे कोणाचा आवाज बटनाने कमी करता येत नव्हता, आणि इथे बोलणाऱ्यांपैकी कोणीही संध्याकाळी गाडीत बसून आपल्या घरी जाणार नव्हतं.

मग काकाने फोटोग्राफरचं नाव घेतलं. विक्की. साखरपुड्याचे फोटो त्याने काढले होते. फोटो विकला असणार तो त्यानेच, असं श्रीकांतने बुधवारीच ठरवून टाकलं होतं. त्याने विक्कीला दुकानात बोलावून चार लोकांसमोर सुनावलं होतं. लग्नाचं काम त्याच्याकडून काढून घेतलं होतं आणि मराठी मंडळात ज्यांच्या घरी कार्य होतं त्या तिघांनाही फोन करून सांगितलं होतं, की ह्याला बोलवू नका. विक्की म्हणे रडायला लागला, आईची शपथ घेत होता. शपथ काय, कोणीही घेतं.

संपदा उठून बाहेर आली.

"काका, फोटो विक्की भैयाने नाही दिला," ती म्हणाली. "मी दिला."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मीराच्या हातातली शेंग तशीच राहिली.

संपदाने सांगितलं ते असं. मंगळवारी अकराच्या सुमारास रिछाईत गोळीबार झाल्याची बातमी डेस्कवर आली. थोड्या वेळाने नाव आलं. ते नाव तिने दोनदा वाचलं. पण तेवढ्यात ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला, की जबलपूरचं कोणी आहे का, आरोपीचा फोटो पाहिजे, कोणाकडेच नाहीये. तिच्या फोनमध्ये होता. विक्कीने घरच्यांना पाठवलेल्या दोनशे फोटोंपैकी तो तिला सगळ्यात आवडला होता. तिने गौरांगभोवतीचं सगळं कापून फोटो पाठवला. त्यांनी स्पष्ट नाही म्हणून मूळ फोटो मागितला, तिने तोही पाठवला. चार मिनिटं लागली असतील.

"पण काहून?" मीराने विचारलं. ती रागावली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"ड्यूटीवर होते, आई. सगळे विचारून राहिले होते."  पुढचं संपदाला सांगायचं नव्हतं, आणि तेच सांगितल्याशिवाय काही उपयोग नव्हता. "आणि मला बरं वाटलं तेव्हा. देशात सगळ्यात आधी आपल्याकडे आला, बॉसने नाव घेऊन शाबास म्हटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला बरंच वाटत होतं. मग त्यांनी अख्खा फोटो लावला."

अनुपम तिच्याकडे बघत होता. गेले सहा दिवस ज्या फोटोमुळे त्याला ऑफिसात मान वर करता येत नव्हती, तो ह्या घरातून गेला होता. तो तिला काही वेडंवाकडं बोलेल असं तिला वाटलं, आणि बोलला असता तर तिने ऐकून घेतलं असतं. पण त्याने फक्त विचारलं, "नथ्थूचा फोटो मागितला होता का तुम्हाला कोणी?"

"नाही," संपदा म्हणाली. "त्या तिघांचाही कोणीच नाही मागितला. आम्ही त्यांची नावं पट्टीवर चालवली. एकाचं तर चुकीचं चालवलं."

 श्रीकांतने खिशातून फोन काढला, विक्कीचा नंबर शोधला आणि तो घेऊन अंगणात गेला. परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. माफी मागितली, एवढंच म्हणाला. मंडळातल्या तिघांना संध्याकाळी फोन करणार होता.

पण पाच वाजताचं त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. उलट आता तर ते जास्तच गरजेचं होतं, असं त्याला वाटत होतं. फोटो आपल्याच घरातून गेला हे उद्या बाहेर फुटलं तर? त्याआधी लग्न मोडल्याचं सांगून मोकळं व्हावं.

तेव्हा अनुपमने जे सांगितलं ते मीरालाही माहीत नव्हतं.

शुक्रवारी अवंतीने त्याला फोन करून बोलावलं होतं. तिला त्या तिन्ही घरी जायचं होतं, एकटीने जायची हिंमत होत नव्हती आणि ऑटोवाले ओळखतील अशी भीती होती. तो मोटारसायकल घेऊन गेला. सुपरवायझरच्या घरचं दार उघडलंच नाही. समृद्धीचे वडील दारात आले, त्यांनी तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, मग हात जोडले आणि जा म्हणाले. तिसरं घर नथ्थूचं, अवंतीच्याच गढ़ा भागातल्या एका गल्लीत, तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. नथ्थूच्या बायकोचं नाव शकु. तिने अवंतीला आत घेतलं. घरातल्या बायका उठून गेल्या, पण ती बसून राहिली. नथ्थू आणि गौरांग कधी कधी फाटकावर सोबत चहा प्यायचे, हे तिने सांगितलं. ओळखीचा मुलगा म्हणूनच त्याने फाटक उघडलं असेल, म्हणाली. अवंतीला बोलताच येत नव्हतं. ती नुसती रडत होती.

"निघताना त्यांनी एकच विचारलं तिला," अनुपम म्हणाला. "तेरी माँ के पास कौन है? अवंतीने सांगितलं, कोई नहीं. अब तक कोई नहीं आया."

 माधवीने पदराने हात पुसले, पुसलेलेच हात पुन्हा पुसले. मीराच्या मनात आलं, की सहा दिवसांत आपण दीपाला, अवंतीच्या आईला, दोनदा फोन केला. एकदाही गेलो नाही. मुलगा गेलाय तिचा. काय करून गेला हे खरं, पण गेलाय.

विष्णू हे सगळं ऐकत होता. त्याला वाटत होतं, आता कोणीतरी विचारेल. बंदूक कुठून आली, हे ह्या घरात अजून कोणी विचारलंच नव्हतं. पोलिसांनी सांगितलं होतं, की वडिलांच्या नावावरचं रिव्हॉल्व्हर घरातल्या कपाटात पडून होतं, आणि सगळ्यांनी ते मान्य केलं होतं.

सप्टेंबरातली एक दुपार त्याला सहा दिवस सोडत नव्हती. मीरा भजनाला गेलेली. गौरांग टॉवेलात गुंडाळलेलं आलोकचं रिव्हॉल्व्हर घेऊन आला. लायसन्स आलोकच्या नावाचं, आलोक गेल्यावर रिव्हॉल्व्हर ठाण्यात किंवा बंदुकांच्या दुकानात जमा करायला हवं होतं. विष्णूला नियम पाठ होता. पण गोळ्यांचं चक्र अडकलेलं होतं आणि त्याने ते हातात घेतलं. निवृत्त झाल्यापासून सहा वर्षांत त्याच्याकडे कोणी काही काम घेऊन आलं नव्हतं. त्याने ह्याच खोलीतल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, तेलाचा डबा काढला, तासभर बसला. चक्र लोण्यासारखं फिरायला लागलं तेव्हा त्याला किती आनंद झाला होता. गौरांगलाही. जमा करू का, असं त्या मुलाने विचारलं होतं. खरंच विचारलं होतं.

"श्रीकांत," विष्णू म्हणाला.  "मला कॅमेऱ्यासमोर उभं नको करू. लग्न मोडायचा अधिकार आपल्याला नाही."

"दादा, अधिकाराचा काय प्रश्न आहे..."

"ते रिव्हॉल्व्हर चालत नव्हतं. मी चालतं केलं."

त्याने सगळं सांगितलं. कोणाकडे न बघता, कारखान्यात तपासणीचा अहवाल वाचून दाखवायचा तसं. शेवटी गौरांगच्या प्रश्नाला आपण काय उत्तर दिलं तेही सांगितलं. बापाची आठवण आहे, ठाण्यात गंजून जाईल, तुझ्या नावाने लायसन्सचा अर्ज टाक, तोवर राहू दे घरी.

"नियम माहीत होता तुला?" माधवीने विचारलं.

"होता."

"मग?"

"आलोकची वस्तू होती. आणि माझ्या हाताने चांगली झाली होती. ती कुणाच्या हातात देऊन राहिलो, ते मी पाहिलंच नाही."

श्रीकांत उठून उभा राहिला. आधी त्याने दार लावलं. मग हळू आवाजात म्हणाला, की हे बाहेर कुठेही बोलायचं नाही. पोलिसांना कपाटाचं पटलं आहे, मुलगा राहिलेला नाही, मग कोणाला कळणार. तुझ्यावर केस होईल, दादा. पेन्शन आहे, वय आहे.  मोठ्या भावासाठी तो घाबरला होता आणि ती भीती खरी होती, हे विष्णूला दिसत होतं. म्हणून त्याने त्याला हाताला धरून शेजारी बसवलं.

"मी ठाण्यात जाऊन सांगणार आहे," तो म्हणाला. "आज."

मीराला वाटलं होतं आपण रडू. पण तिला सहा दिवसांत पहिल्यांदा श्वास नीट घेता आला. ह्या माणसाच्या आत काय अडकलं होतं ते निदान कळलं होतं. ती म्हणाली, "जेवून जा. तिथे किती वेळ बसवतील ठाऊक नाही."

पुढचं संपदाने हातात घेतलं. तिने बापाला बजावलं, की ठाण्याआधी कॅमेऱ्यासमोर एक शब्द बोलायचा नाही. तुम्ही खरं बोलाल आणि ते 'शूटर का उस्ताद' असं चालवतील, मला माहीत आहे, मीच चालवलं असतं. जे आहे ते कागदावर, तारखेसहित, सही करून. ती लॅपटॉप घेऊन त्याच्यासमोर बसली आणि हिंदीत जबाब लिहायला लागली. तो सांगायचा, ती लिहायची. मधे त्याने एकदा, 'मुझे लगा कोई हर्ज नहीं होगा' असं सांगितलं. तिने टाईप केलं, थांबली आणि विचारलं, "बाबा, खरंच तसं वाटलं होतं, की वाटलंच नव्हतं काही?" तो विचार करून म्हणाला, काही वाटलंच नव्हतं. तिने ते वाक्य काढून टाकलं.

साडेचारला विष्णू आणि अनुपम निघाले. निघताना श्रीकांतने आपल्या ओळखीच्या वकिलाला फोन लावला आणि त्याला थेट ठाण्यावर यायला सांगितलं. मग माधवीने साडी बदलली आणि मीराला म्हणाली, "वहिनी, चला. गढ़्याला जाऊन येऊ."

"आता?"

"आता नाही तर केव्हा? दहावा उलटून गेल्यावर?"

म्हणून पाच वाजता पत्रकार आला तेव्हा घरी फक्त श्रीकांत आणि संपदा होते. तरुण, घामाघूम झालेला मुलगा होता. त्याने फाटकाबाहेर कॅमेऱ्याची तिपाई उभी केली आणि मोठे अंकल कुठे आहेत म्हणून विचारलं. श्रीकांतने सांगितलं, घरात नाहीत. मग तुम्ही बोला, म्हणाला. श्रीकांतने शर्टाची कॉलर नीट केली. संपदाला वाटलं आता काका दोन वाक्यं बोलणार, सहा दिवसांपासून पाठ केलेली.

"शादी टूटी नहीं है," श्रीकांत म्हणाला. "बस, इतना ही."

पत्रकाराने अपमानाबद्दल विचारलं, फोटोबद्दल विचारलं. श्रीकांतने उलट त्याला विचारलं, की तू नथ्थूच्या घरी गेला होतास का. तो मुलगा ओशाळून हसला. वहाँ से कुछ मिलेगा नहीं, अंकल, म्हणाला. तेव्हा संपदा फाटकाशी गेली. आपण कुठे काम करतो हे तिने सांगितलं आणि म्हणाली, की पत्ता मी देते, पण कॅमेरा न नेता जा, आधी नुसता बसून ये. तो जाईल की नाही ते तिला कळलं नाही. त्याने पत्ता मात्र लिहून घेतला. ती आत आली, सहा दिवसांपूर्वीच्या त्या ग्रुपवर गेली आणि लिहिलं, की तो फोटो माझा होता, मी परत घेत आहे, ऑफिशियल मेल पाठवत आहे. नोकरी राहील असं तिला वाटत नव्हतं. तिने मेल पाठवून दिली.

गढ़्यात ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबला. दीपाच्या घरापर्यंत चालताना दोन दुकानदारांनी माना वर करून पाहिलं. माधवीने पदर डोक्यावर नीट घेतला आणि चालत राहिली. नागपूरहून आपण काय ठरवून आलो होतो ते तिला आठवत होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती, पण त्याहून जास्त धाकधूक होत होती. दार अवंतीने उघडलं. ती बाजूला झाली.

दीपा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. ती उठली नाही. मीरा तिच्यासमोर खाली बसली. माधवीही बसली. समाचाराला गेल्यावर जे बोलतात त्यातलं एकही वाक्य इथे चालणार नव्हतं, हे दोघींना एकदमच कळलं.

मीराने आधी तेच सांगितलं जे सांगणं सगळ्यात कठीण होतं. उद्या पेपरात येईल, त्याआधी माझ्याकडून ऐका. तिने सप्टेंबरातली दुपार सांगितली. विष्णू आत्ता ठाण्यात आहे, तेही सांगितलं.

दीपाने तिच्याकडे पाहिलं. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "मीच पाठवलं होतं त्याला तुमच्याकडे. माझं ऐकत नव्हता. मला वाटलं, भाऊजी सांगतील जमा कर म्हणून."

 दीपाचा आवाज चढत गेला. तिने विष्णूला बोल लावले, मग आलोकला, की ते घरात आणलंच काहून, मग स्वतःला, मग गौरांगला, नाव घेऊन. सहा दिवसांत त्या घरात त्याचं नाव पहिल्यांदा घेतलं गेलं असावं, कारण अवंतीने दाराची चौकट घट्ट धरून ठेवली. माधवीने मीराच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी ते सगळं ऐकत बसल्या. थांबवलं नाही, समजावलं नाही. बोलता बोलता दीपाचा आवाज फुटला आणि ती रडायला लागली. आई रडते तशी. माधवी पुढे सरकली आणि तिने तिला जवळ घेतलं.

बऱ्याच वेळाने दीपाने तोंड पुसलं. "तुम्ही आता कोण म्हणून आल्या?" तिने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

"विहिणी म्हणून," मीरा म्हणाली. "तुमची आणि अवंतीची हरकत नसेल तर. तारीख पुढे नेऊ. गाजावाजा नको. पण आम्ही विहिणीच आहोत."

दीपाने अवंतीकडे पाहिलं. अवंती आत जाऊन पाणी घेऊन आली. पाणी पिताना अनुपमचा फोन आला. जबाब लिहून घेतला होता, दोन-तीनदा पुन्हा बोलावतील, वकील म्हणतो केस होईल पण घरी सोडून राहिलेत. विष्णूने विचारलं होतं, मी दीपावहिनींकडे येऊ का. मीराने दीपाला विचारलं. दीपा म्हणाली, आज नाही. मग म्हणाली, चार-आठ दिवसांनी येऊ द्या.

मग तिने जे विचारलं ते माधवीला.

"मला शकुकडे जायचं आहे. अवंती जाऊन आली, पण मी नाही गेले. पाय उचलत नाही." तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "उद्या याल का माझ्याबरोबर? मीरावहिनींना उद्या ठाण्याचं पाहावं लागेल. तुम्ही याल?"

माधवीचं उद्या सकाळचं नागपूरचं तिकीट होतं. तिने पिशवीतून फोन काढला, चष्मा शोधला, सापडला नाही, तेव्हा फोन अवंतीच्या हातात दिला.

"एवढं रद्द कर बेटा."

अवंतीने रद्द केलं. "परवाचं काढू का, आत्या?"

"सध्या काढूच नको," माधवी म्हणाली, आणि दीपाने सकाळपासून काय खाल्लं आहे ते तिला विचारायला लागली.